पुंजाजीभाऊंचं थांबणं

मंगरूळपीरच्या एसटी स्टँडबाहेर काळी-पिवळी जिपा लागतात. तिथं उभं राहून प्रवासी गोळा करायचं काम पुंजाजीभाऊंनी जन्मभर केलं. "वाशीम, वाशीम, वाशीम! निघाली, निघालीच! एकच सीट राह्यली!" एकच सीट राहिली म्हणजे जीप अर्धी रिकामी आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी माणसं येऊन बसायची. दर्ग्याच्या पायरीवरचा फकीरसुद्धा एकदा तो आवाज ऐकून उठला आणि जीपमध्ये जाऊन बसला, असं ते स्वतःच सांगायचे. ते सांगायचे त्यातलं निम्मं सोडून द्यावं.

मी त्यांची शेजारीण, वैजयंती. आमच्या दोन घरांत भिंत एकच, आणि गल्लीच्या तोंडाशी माझी पिठाची गिरणी. गिरणी चालू असली तरी त्यांचं घरातलं बोलणं मला शब्दन् शब्द ऐकू यायचं. मी इकडून ओरडायची, "भाऊ, हळू बोला ना वो, बहिरे नाई आमी!" ते आणखी मोठ्यानं म्हणायचे, "हळूच बोलून राह्यलो, वैनी!" त्यांना हळू बोलता येत नव्हतं आणि थांबता येत नव्हतं. चहाला उकळी फुटायच्या आत गाळायला लावायचे. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की मागच्या बाकावरून खोकायचे. अख्ख्या तालुक्याला "निघालीच" म्हणत ताटकळत ठेवणारा हा माणूस स्वतः मात्र कशासाठीच थांबत नव्हता.

चर्च म्हटलं म्हणून सांगते. आमच्या गावात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. भाऊंच्या आज्याला छप्पनच्या, म्हणजे सन एकोणीसशेच्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळात मिशनच्या लोकांनी उचलून आणलं आणि जगवलं. धर्म तिथून आला, नावं घरातलीच राहिली. गल्लीच्या मागे चार भिंती आणि वर पत्रे असं त्यांचं चर्च आहे. त्याची घंटा वाजवायची आणि नाताळ जवळ आला की उंच बांबूवर चांदणी चढवायची, ही दोन कामं भाऊंची. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे त्यांचा आगमनकाळ. दर रविवारी एक मेणबत्ती जास्तीची पेटवतात. पहिली आशेची, मग शांतीची, मग आनंदाची, मग प्रीतीची. तोवर फक्त वाट पाहायची. आता वाट पाहायला भाऊंना कोण सांगणार? लोकांचे दिवाळीचे आकाशकंदील उतरायच्या आत यांची चांदणी वर. पाळकसाहेब दरवर्षी म्हणायचे, "पुंजाजी, अजून पहिला रविवार यायचाय." भाऊ म्हणायचे, "लवकर दिसली तं देवाले राग येते का?"

भाऊंची बायको चतुराबाई जाऊन बरीच वर्षं झाली. बापलेक दोघं कशीबशी भाकरी थापून खायचे. मग विनोदचं लग्न झालं आणि शीला त्या घरात आली. कारंज्याकडची पोर, शिवणकाम करायची. बोलायची इतकं हळू की ऐकायचं तर समोरच्याला गप्प बसावं लागे. सासऱ्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की ती काहीतरी पुटपुटायची. "काय म्हनतं व?" म्हणून भाऊ थांबायचे, तेवढ्यात ती ताट वाढून मोकळी. "मामाजी, काही नाई, जेवा." मी भिंतीपलीकडून हसायची. त्या पोरीनं त्या घराला घरपण आणलं, याहून जास्त काय सांगू?

दोनदा दिवस राहून गेले होते. तिसऱ्यांदा राहिले तेव्हा सगळी गल्ली तिला जपत होती. सातवा सरला आणि नोव्हेंबरच्या शेवटाला तिचे पाय सुजले, डोकं दुखू लागलं. एका सकाळी भांडी घासता घासता ती पडली आणि झटके यायला लागले. भाऊ धावत स्टँडवर गेले. त्या दिवशी जीप एकट्या शीलाला घेऊन निघाली, कुणाला हाक न मारता.

वाशीमच्या सरकारी दवाखान्यात पोट कापून मूल काढलं. मुलगी होती. वजन किलोच्या जरासं वर. शीलाचे झटके थांबेनात, म्हणून तिला अकोल्याला हलवलं. तिच्यासोबत विनोद गेला, तिची आई गेली. मुलीला हलवण्यासारखं नव्हतं. ती वाशीमलाच काचेच्या पेटीत राहिली आणि तिच्यापाशी राहिले एकटे पुंजाजीभाऊ.

मी एकाआड एक दिवस डबा घेऊन जायची. भाऊ व्हरांड्यात फरशीवर बसलेले असत. आत पेटीवर पट्टी चिकटवलेली होती, 'शीला यांचे बाळ'. काचेतून मुलगी दिसायची. लाल, सुरकुतलेली, नाकात नळी, तोंडात नळी. कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसत होत्या. डॉक्टरांना विचारलं की ते एवढंच म्हणत, आज आहे तशी आहे. अकोल्याहून विनोदचा फोन यायचा, तोही तेच सांगायचा. शीला आजही तशीच आहे. डोळे उघडत नाही.

पहिल्या रविवारी दुपारी पाळकसाहेब आले. मीही तिथंच होते. भला माणूस, पण सवयीनं बोलून गेले. "पुंजाजी, आज आपण आशेची मेणबत्ती पेटवली. शीलासाठी, बाळासाठी सर्वांनी प्रार्थना केली. चांदणी आम्ही चढवू का?"

"राहू द्या," भाऊ म्हणाले.

"अंधारातच तर..."

"साहेब, आशा-बिशा तुमच्यापाशी ठेवा. ते लेकरू श्वास घेऊन राह्यलं का नाई, तेवढं पाहू द्या मले. बस्स."

 पाळकसाहेबही फरशीवर बसले, भाऊंच्या शेजारी, आणि संध्याकाळची बस सुटेपर्यंत बसून राहिले. त्यांच्याबद्दलचं माझं मत त्या दिवशी सुधारलं.

दुसऱ्या आठवड्यात मुलीची श्वासाची नळी निघाली. तेव्हा योगिनी सिस्टर बाहेर आल्या. ठेंगणी, चष्मेवाली, बोलण्यात मिरचीसारखी बाई. म्हणाल्या, "पेटीत ठेवून भागणार नाही आता. हिले माणसाच्या उघड्या छातीवर ठेवावं लागते, कातडीले कातडी लावून. त्या उबेनं लेकरू वाढते. घरातलं बाईमाणूस कोन हाय?"

मी पुढे झाले आणि नेमका तेव्हाच मला खोकला आला. गिरणीवालीला डिसेंबरात खोकला चुकत नाही. सिस्टरनं मला दारातूनच परत पाठवलं. मग त्यांनी भाऊंकडे पाहिलं.

भाऊ दोन पावलं मागे सरकले. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत पुरुष पाय ठेवत नाही. बारसं होईस्तोवर आजा नातीला दुरूनच पाहतो. आणि इथं तर छाती उघडी टाकून बायकांमध्ये बसायचं! "हे बायाईचं काम हाय, सिस्टर. माह्यानं नाई होनार."

"आजोबा, तुमची छाती गरम हाय का?"

"हाय, पन..."

"मंग आंघोळ करून या. तंबाखू थुका. पुन्हा तोंडात दिसली तं याद राखा."

चाळीसेक वर्षांची तंबाखू त्या दिवशी नळाखाली गेली. भाऊ आंघोळ करून, अंग खसाखसा पुसून आत गेले. सिस्टरनं त्यांना आरामखुर्चीत बसवलं, सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या, मुलीला पालथी त्यांच्या छातीवर ठेवलं आणि वरून फडक्यानं घट्ट बांधलं. ते नंतर मला म्हणाले, "वैनी, चिमनी ठेवल्यासारखं वाटलं. वजनच नाई व. मले भेव वाटलं का मी श्वास घेतला तं ते उडन."

त्या खोलीत सगळ्या आया. त्यांच्यात हा एक पिकल्या मिश्यांचा गडी. त्यांच्या बाजूच्या खुर्चीत हिरीबाई बसायची, मानोऱ्याकडच्या तांड्यावरची. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघायची गाडी दाराशी उभी होती आणि कळा लवकर सुरू झाल्या. तिचा मुलगाही अपुऱ्या दिवसांचा, पण भाऊंच्या नातीच्या दुप्पट. पहिल्या दिवशी ती पदर तोंडाला लावून हसत होती. दुसऱ्या दिवशी तिनं भाऊंना मान कशी टेकवायची ते दाखवलं. तिला दूध उतू जाईल इतकं होतं. डॉक्टरांनी तिच्या तपासण्या करून परवानगी दिली आणि तिचं दूध वाटीत काढून नळीवाटे या मुलीच्या पोटात जाऊ लागलं. भाऊ तिला बाई म्हणायचे, ती त्यांना बापू.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते घडलं. भाऊंना छातीवरचं बारीक फुलणं-बसणं कळत होतं. ते अचानक थांबलं. पाहतात तर मुलगी निळसर पडलेली. मग काय, स्टँडवरचा तो आवाज त्या खोलीत फुटला. "सिस्टर! सिस्टर! लेकरू गेलं वो!" खोलीतली सगळी मुलं एकदम टाहो फोडून उठली. योगिनी सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी काय करावं? मुलीच्या तळपायावर बोटानं टिचकी मारली. मुलगी दचकली आणि तिनं श्वास घेतला.

"गेली-बिली नाई. विसरली," सिस्टर म्हणाल्या. "एवढी लहान लेकरं श्वास घ्यायचं विसरतात. आठवन द्यायची. आन् पुन्हा असे बोंबलले तं बाहेर काढीन."

श्वास घ्यायचं कुणी विसरतं? मला हे ऐकूनच धडकी भरली. भाऊंनी तर डोळा मिटणंच सोडलं. नजर त्या इवल्या पाठीवर, बोट तिच्या तळव्यापाशी. चहा आला तरी प्यायचे नाहीत, कुणी बोललं तरी मान हलवायचे नाहीत. ज्या माणसाला दोन मिनिटं बसवत नव्हतं, तो सकाळपासून सांजेपर्यंत खुर्चीत रुतून बसलेला. सिस्टर जबरदस्तीनं उठवत तेव्हाच उठायचे. असेच व्हरांड्यात आले तेव्हा मी एकदा म्हटलं, "भाऊ, पाठ मोडली असन." ते पुटपुटले, "जन्मभर मी लोकायले आता निघाली, आता निघाली म्हनून बसवून ठेवलं ना वैनी. आता देवानं मले बसवलं. आन् हा देव तं निघते बी म्हनत नाई."

त्यांचा आवाज उतरला होता. मला ऐकायला वाकावं लागलं.

खोकला गेल्यावर मला त्या खोलीत शिरायला मिळालं. त्या दिवशी भाऊंनी मला डोळ्यांनीच जवळ बोलावलं. फडक्यातून मुलीचा एक हात बाहेर आला होता. "पाह्य," ते म्हणाले. मला काही दिसेना. "नखं हायेत व, वैनी! एवढ्याशा बोटाले नखं हायेत. समद्या बोटायले. बाहेर येवाले दोन महिने होते, तरी कोन तं बसून नखं करून ठेवले!" माणूस खुळ्यासारखा हसत होता. चार मुलखांच्या जिपा ज्यानं भरल्या, त्यानं आपल्या पोराची नखं कधी पाहिली नव्हती. तेव्हा पुरुष पाहत नसत. मीही वाकून पाहिलं. खरोखर, कणीएवढी नखं, नीट आकाराची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ म्हणाले, "शीलाले सांगीन."

त्या आठवड्यात विनोदच्या फोनवर दोन दिवस बरी बातमी होती. शीलानं बोट हलवलं. शीलानं डोळे किलकिले केले. दुसऱ्या रविवारी शांतीची मेणबत्ती पेटली तेव्हा पाळकसाहेबांनी फोन करून सांगितलं आणि भाऊंनी त्यांना झिडकारलं नाही. मला वाटू लागलं होतं की निभावेल. आपण वाटून घेतो.

शुक्रवारी दुपारी मी डबा घेऊन तिथं होते. भाऊंचा फोन वाजला. त्यांचे हात मुलीभोवती, म्हणून मीच तो त्यांच्या कानाला लावला. आवाज मलाही ऐकू आला. विनोद म्हणाला, "बा, शीला गेली."

भाऊ म्हणाले, "हं."

"बा, ऐकू आलं का? गेली ती."

"हं."

मी फोन काढून घेतला. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. ती झोपलेली होती, गाल त्यांच्या छातीच्या केसांत. माणूस रडला की छाती हलते. छाती हलली तर ती दचकेल, दचकली तर श्वास चुकेल. भाऊंनी मानेनं मला खुणावलं, त्यांच्या गळ्यातला दुपट्टा. मी तो त्यांच्या तोंडापाशी नेला. त्यांनी तो दातांत धरला आणि डोळे मिटले. पाणी नुसतं कानांकडे वाहत होतं. आवाज नाही, हुंदका नाही. पायाची बोटं तेवढी फरशीवर आवळली होती. मी पुष्कळ मरणं पाहिली आहेत, छाती पिटून रडणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. ते पाहणं सोपं होतं. हे मला पाहवेना, मी बाहेर गेले.

शनिवारी सकाळी मंगरूळपीरला माती होती. ख्रिस्ती लोकांत कबर बुजवताना घरातल्या प्रत्येकानं मूठभर माती टाकायची असते. सासरा नाही आला तर कसं? नातेवाइकांचे फोनवर फोन आले. मी रात्री तिथंच राहिले होते. भाऊ जायला उठले. सिस्टरनं मुलीला सोडवून गरम पेटीत ठेवलं. भाऊंनी सदऱ्याच्या गुंड्या लावल्या. चप्पल घालतात न घालतात तोच पेटीचं यंत्र ओरडायला लागलं. सिस्टरनं टिचकी मारली, श्वास आला. भाऊ दारापर्यंत गेले. यंत्र पुन्हा ओरडलं. या वेळी श्वास यायला उशीर लागला, सिस्टरनं तोंडावर हवेचा फुगा धरला तेव्हा कुठं रंग परतला. हिरीबाई तिला घ्यायला उठली, पण तिच्याच मुलाला त्या सकाळी ताप चढला होता. सिस्टरनं मान हलवून तिला खाली बसवलं.

"आजोबा, मी जा बी म्हनत नाई, थांबा बी म्हनत नाई," सिस्टर म्हणाल्या. "तुमी ठरवा."

भाऊ उंबऱ्यात उभे राहिले. मग त्यांनी गुंड्या सोडल्या. "तिच्यापाशी समदे हायेत," ते मला म्हणाले. "हिच्यापाशी कोन हाय? तुमी जा, वैनी."

मी एकटीच निघाले आणि मातीला पोचले. घंटा पाळकसाहेबांनी स्वतः वाजवली, आणि अशी वाजवली की कुणाला वाटावं शाळा सुटली. त्यांना कुठली सवय? शीलाला तिची लग्नातली पांढरी साडी नेसवली होती. विनोदचा चेहरा राखेचा झाला होता. त्यानं गर्दीवरून नजर फिरवली आणि मला विचारलं, "बा नाई आला?"

"तुही पोरगी..." मी सांगू लागले.

"बा मातीले नाई आला," तो म्हणाला आणि वळला. त्यानं मुलीला नीट पाहिलंही नव्हतं. त्याला मुलगी म्हणजे काय, तर जिच्यापायी शीला गेली ती. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. प्रार्थना संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "उद्याची मेणबत्ती आनंदाची आहे." पुढं त्यांना बोलता येईना.  सगळ्यांनी माती टाकली, मीही टाकली.

घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि मिळेल त्या जिपेनं वाशीम गाठलं. हिरीबाईच्या मुलाचा ताप उतरला होता. भाऊ सकाळसारखेच बसलेले होते.

"झाली माती?"

"झाली."

"काय नेसवलं होतं तिले?"

"पांढरी साडी. लग्नातली."

"घंटा?"

"साहेबांनी वाजवली."

"वाईट वाजवली असन." मग म्हणाले, "विनोद रागावला ना?" मी मुलीवरचं फडकं सारखं केलं.   त्या माणसाच्या अंगातला जीव गेल्यासारखा झाला होता. मला मनातून वाटलं, ही मुलगीही जाणार. आई गेली, ही आईमागे जाणार, आणि मग या म्हाताऱ्याला उठवून घरी न्यायचं काम माझ्यावर येणार. असलं वाईट मनात आलं, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात भाऊ ताठ झाले. "वैनी, हे काय करून राह्यली?"

मुलगी हलत होती. नेहमीचं दचकणं नव्हतं ते. तिनं डोकं उचलायचा यत्न केला, ते एका बाजूला पडलं. पुन्हा उचललं. तोंड उघडं, जीभ बाहेर, गाल भाऊंच्या छातीवर घासत ती इकडून तिकडे करत होती. मग तिच्या तोंडाला भाऊंच्या छातीचं बोंड लागलं आणि तिनं ते धरलं. म्हाताऱ्या पुरुषाचं, कोरडं. ती चोखू लागली.

"अवं, अवं!" भाऊ कावरेबावरे झाले. "माह्यापाशी काय हाय, माय? सिस्टर! हे पाह्य वो. हे आई शोधून राह्यली. इले काय सांगू मी आता? काय सांगू?"

योगिनी सिस्टर आल्या, वाकल्या, चष्मा वर सारून पाहिलं. ती मिरची बाई एकदम वेगळीच दिसायला लागली. "आजोबा," त्या म्हणाल्या, "आजवर हिले नळीनंच पोटात घालत होतो. हिले भूक हाय का नाई, हिलेच माहीत नव्हतं. आज हिनं स्वतः मागितलं. याचीच वाट पाहून राह्यलो होतो आमी. हिरीबाई, येतं का?"

हिरीबाईनं आपला मुलगा माझ्या मांडीवर दिला आणि हात पसरले. भाऊंनी मात्र मुलीला सोडलं नाही. दोन्ही हात तिच्यावर घट्ट. सिस्टरनं एकेक बोट सोडवलं. म्हणाल्या, "द्या. तुमचं काम झालं आजचं."

हिरीबाईनं मुलीला पदराखाली घेतलं. आम्ही सगळे श्वास रोखून. मुलगी भांबावली, तोंड चुकलं, रडकुंडीला आली. हिरीबाई तिच्याशी गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, काहीतरी बोलली. मग मुलीनं धरलं. एकदा ओढलं, थांबली. पुन्हा ओढलं. तिच्या गळ्याशी घोट उतरताना दिसला. पोटभर नव्हतं ते, चार-सहा घोट असतील. तेवढ्यानं दमून ती झोपली. भाऊ उघड्या छातीनं तसेच उभे होते, हात अजून कुणाला धरल्यासारखे.

ती जगेल का, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

"बापू, मी हाय हिच्यापाशी," हिरीबाई म्हणाली. "तुमी जाऊन या."

भाऊंनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनं मान हलवली. त्यांनी सदरा घातला, गुंड्या खालीवर लागल्या. म्हणाले, "वैनी, चला. माही माती राह्यली."

 मंगरूळपीरला उतरलो तेव्हा दिवस मावळतीला होता. आम्ही घरी न जाता सरळ कबरस्थानात गेलो. फुलं सकाळचीच होती, पण ऊन लागून मऊ पडली होती. कबरीपाशी विनोद एकटाच बसला होता. बापाला पाहून त्यानं तोंड फिरवलं.

भाऊंनी चप्पल बाहेर काढली. वाकले, मूठभर माती घेतली आणि शीलाच्या उशाशी ठेवली, टाकली नाही. मग मातीवर हात ठेवून तिच्याशी बोलले.

"शीला, दूध पेली व पोरगी."

विनोदनं मान वर केली. "कोन पेली?" त्यानं विचारलं. "बा, कोन पेली?"

भाऊ त्याच्याशेजारी मातीतच बसले आणि त्याला सांगू लागले.